नोकरीतील अन्याय आणि आपला कागद

रविवारी सोसायटीच्या अभ्यासिकेत बसलो की नव्याने नोकरीला लागलेली मुले आम्हाला हमखास विचारतात, "काका, साहेब त्रास देतात, कार्मिक विभाग दाद देत नाही. काय करायचे?" आम्ही बँकेतले कारकून, वकील नव्हे. परंतु वीस वर्षे काउंटरवर बसून जे कळले ते सांगतो.

कार्मिक विभाग हा व्यवस्थापनाचाच हात आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तोंडी गाऱ्हाणे तिथे ऐकले जाते आणि विसरले जाते. म्हणून तक्रार लेखी द्यावी. तारीख, वेळ, बोललेले नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे तीत असावीत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का नाकारला तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

आमच्या एका जुन्या शाखेत साहेबांनी एका बंधूंना भर काउंटरवर, ग्राहकांदेखत, जातीवरून हिणवले. आम्ही दोन हातांवर होतो. त्यांनी तक्रारीत साक्षीदार म्हणून आमचे नाव घातले. चौकशीत आम्ही "नीट ऐकू आले नाही" असे सांगितले. बदली तोंडावर होती, मुलगी शाळेत होती. तक्रार निकाली निघाली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गोपनीय अहवालातला शेरा घसरला.

ते बंधू थांबले नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली (कायदा २००५ चा, शुल्क १० रुपये) त्यांनी आपल्या अहवालाची व चौकशीच्या कागदांची प्रत मागितली. सरकारी नोकराला त्याच्या अहवालातील प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणी २००८ साली सांगितले आहे. त्याचा हवाला देऊन त्यांनी शेऱ्याविरुद्ध निवेदन दिले आणि तो बदलून घेतला. अपमानाची दाद मात्र मिळाली नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली अपमान लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. बंद केबिनमध्ये, तिसरे कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसवणे अवघड. इथे लोक होते, बोलणारा नव्हता.

सरकारी बँकांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो. पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसते. तिथेही काम झाले नाही तर घटनेच्या ३३८ व्या कलमाखालील राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे अर्ज करता येतो. आयोग अधिकाऱ्यांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. पण तो मनाई हुकूम देऊ शकत नाही, हे १९९६ साली एका बँकेच्याच प्रकरणात ठरले. बढती रोखायची असेल तर न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. (बौद्धांना केंद्राच्या नोकरीत अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, हेही आपल्या मुलांना माहीत असावे.)

भगिनींसाठी २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत अंतर्गत समिती हवीच. ती नसेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे. मुदत तीन महिन्यांची, कारण पटल्यास आणखी तीन.

ते बंधू आता निवृत्त आहेत. रविवारी सकाळी अभ्यासिकेत अर्जांचे मसुदे तेच लिहून देतात आणि आम्ही ते टाईप करतो. येताना मेमोची झेरॉक्स आणि पोस्टाची पावती बरोबर आणावी.