हिंजवडी ते हिंगणी, व्हाया क्रेडिट कार्ड

डोक्यावर कर्ज आहे म्हणून छंदाला टाळं ठोकायचं? की छंद आहे म्हणून कर्जाकडे डोळेझाक करायची? एका कार्डधारी पक्षीवेड्याचा अकरा महिन्यांचा रोखठोक हिशेब!

फोन आला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. 2024 ची दिवाळी. हिंगणीच्या घरी आम्ही सगळे जेवायला बसलेलो. फोन माझ्या मोबाइलवर आला असता तर नेहमीसारखा कट केला असता. पण तो आला बाबांच्या मोबाइलवर! कार्ड घेताना फॉर्मवर ‘रेफरन्स’ म्हणून मीच तो नंबर दिला होता. आपण कुठे काय लिहून देतो, ते असं ताटावर बसल्यावर आठवतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘तुह्या बँकेचा माणूस होय म्हणे. दोन महिन्यापासून पैसे नाही भरले म्हणते तू.’’

‘‘काही नाही बाबा, ईएमआयचं आहे थोडं.’’

‘‘म्हंजे कर्जच ना?’’

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात ‘कर्ज’ हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे ईएमआय असतो, आउटस्टँडिंग असतं, लिमिट असतं, फार तर लोन. पण वर्धा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरात कर्ज हा शब्द हळू आवाजातच बोलला जातो. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्या सहांत आमचा वर्धा होता. मी तेव्हा चौथीत होतो. ओसरीवर मोठी माणसं बोलायची आणि आपण आलो की गप्प व्हायची, एवढं लख्ख आठवतं. त्या घरातला शिकलेला, पुण्यात एसीत बसणारा मुलगा आता कर्जाच्या फोनने सापडला होता. आई उठून आत गेली. मला वाटतं, त्या रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

(एक बाजूची गोष्ट. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये स्पष्ट बजावलं आहे. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक असू द्या. बँकेकडे लेखी तक्रार करता येते आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.)

मिनिमम ड्यूचा गोड सापळा

तर झालं होतं काय? फार काही नाट्यमय नाही. जुगार नाही, शेअर बाजार नाही. बोर धरण आमच्या गावाजवळ. त्याच्या भोवतीचं जंगल 1970 मध्ये अभयारण्य झालं आणि 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प. देशातला अगदी छोटा व्याघ्र प्रकल्प म्हणून त्याची ओळख. लहानपणी गुरांमागे हिंडताना पाहिलेले नीलपंख आणि वेडे राघू मला पुण्यात गेल्यावर आठवायला लागले. मग आला कॅमेरा. मग मोठी लेन्स. मग नागपूरपर्यंत विमान, कारण शनिवार-रविवारात सगळं बसवायचं. मग ‘गेलोच आहोत तर’ म्हणून रिसॉर्ट. स्वतःचं घर असलेल्या गावाशेजारी रिसॉर्ट! आता हसू येतं.

कॅमेरा नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला होता. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज कुठेतरी दडलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फीमध्ये, कधी न मिळालेल्या डिस्काउंटमध्ये. पण दुकानात उभं असताना हे कोण आठवतं, बॉस?

दिवाळीनंतर पुण्याला परतलो आणि एका रविवारी पहिल्यांदा सगळं कागदावर मांडलं. पहिलं कार्ड 86,000 रुपये. दुसरं कार्ड 31,000. पर्सनल लोनचे 24 हप्ते बाकी, म्हणजे मुद्दल सुमारे 1,80,000. कॅमेऱ्याचे पाच-पाच हजारांचे नऊ हप्ते, म्हणजे 45,000. बेरीज 3,42,000. हातात येणारा पगार 58,000. बेरीज तीनदा केली. दर वेळी तेवढीच आली.

खरा धक्का पुढे होता. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. 86,000 वर 3,010 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 542 रुपये. एकूण 3,552. आणि मी इमानेइतबारे भरत आलेलो ‘मिनिमम ड्यू’ किती? पाच टक्के, म्हणजे 4,300. म्हणजे मुद्दलात जात होते फक्त 748 रुपये! फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा स्टेटमेंटवर छापायचं बंधन बँकांवर आहे. माझ्याही स्टेटमेंटवर तो होता. मी तो वाचला नव्हता, कारण मी स्टेटमेंटच उघडत नव्हतो.

शिवाय, मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला ते बिनव्याजी पन्नास-एक दिवस मिळत नाहीत. व्याज पहिल्या दिवसापासून. आता तर काही कार्डं यूपीआयला जोडता येतात. म्हणजे टपरीवरचा कटिंगही साडेतीन टक्क्यांनी! आणि कुणी म्हणेल, एवढ्या व्याजाला काही मर्यादा? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये वर्षाला 30 टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सुप्रीम कोर्टाने तो निकाल डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. तेव्हा आपली मर्यादा आपणच.

मोठी लेन्स विकली, पण...

ऑफिसातल्या एका सीनिअरने सल्ला दिला, ‘‘सगळं बंद कर. कॅमेरा विक, गावाला जाणं बंद, सिनेमा बंद, वर्षभर फक्त वरणभात.’’ मी तीन आठवडे ते केलंही. चौथ्या शुक्रवारी रात्री चिडून एकाच झटक्यात 2,800 रुपयांचं जेवण मागवलं. डाएटचं होतं तेच. उपाशी माणूस फरसाणाच्या दुकानात सगळ्यात जास्त खर्च करतो.

इथे मला आमच्याच जिल्ह्यातले एक गृहस्थ आठवले. म्हणजे 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आलेले. शाळेच्या सहलीत बापूकुटी पाहिली नाही असा वर्ध्याचा पोरगा सापडायचा नाही. पण त्यांचं आत्मचरित्र मी फार उशिरा वाचलं. लंडनला शिकायला गेलेल्या तरुण गांधींनाही साहेब व्हायचा शौक चढला होता. बॉण्ड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला. तीन पौंड भरून नाचाचा क्लास लावला. आणखी तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं! काही महिन्यांत भानावर आले तेव्हा क्लास सोडला आणि व्हायोलिन विकून टाकायला शिकवणाऱ्या बाईंनाच सांगितलं. पण या सगळ्या काळात एक गोष्ट सुटली नव्हती. रोजचा पै-पैचा हिशेब लिहून, शिल्लक जुळवून मगच झोपायचं. मला त्यांचा साधेपणा झेपणार नाही, हे मान्य. हिशेब मात्र जमण्यासारखा वाटला.

मी लेन्स विकली. वाघाच्या मिश्या मोजता याव्यात म्हणून घेतलेली ती भली मोठी लेन्स वर्षात चार वेळा बॅगेतून निघायची. जुन्या बाजारात बरोबर 31,000 आले आणि दुसरं कार्ड एका दिवसात शून्य! ते त्याच दिवशी बंद केलं, कारण रिकामं कार्ड म्हणजे उघडं दार. कॅमेरा मात्र ठेवला, सोबत मिळालेल्या छोट्या लेन्ससकट.

पहिल्या कार्डाची बाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून द्या म्हणून बँकेला विचारलं. दोन हप्ते चुकल्याने स्कोअर घसरलेला, त्यामुळे नकार. (तुमचा स्कोअर शाबूत असेल तर हे आधी विचाराच. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीकडून फुकट मिळतो, तोही काढून पाहा.) मग उरला सरळ रस्ता. घरभाड्याचा वाटा 11,000, डबा-किराणा 7,000, घरी पाठवायचे 8,000, बस-पेट्रोल 3,500, फोन-वीज 2,000, लोनचा हप्ता 8,730, कॅमेरा 5,000. उरतात 12,770. त्यातले 10,000 कार्डाला, पगार झाल्याच दिवशी. 1,270 अडीअडचणीला. आणि 1,500 पक्ष्यांना!

या दीड हजारांवरून सीनिअरशी कडाक्याचं भांडण झालं. तेही कार्डात भर, म्हणाला. मग आम्ही एक्सेलवर बसून गणित मांडलं. कॅमेऱ्याचे हप्ते संपल्यावर ते पाच हजारही कार्डाकडे वळवायचे, असं धरून. महिन्याला 10,000 भरले तर कार्ड अकराव्या महिन्यात संपतं, 11,500 भरले तर दहाव्या. व्याजातला फरक? साधारण 3,250 रुपये. म्हणजे अकरा महिन्यांच्या छंदाची ज्यादा किंमत सव्वातीन हजार आणि एक महिना. ती किंमत मी डोळे उघडे ठेवून मोजली. शुक्रवारच्या एका चिडक्या ऑर्डरपेक्षा थोडीच जास्त!

तुमचा आकडा वेगळा असेल. तुमचा छंद ट्रेकिंग असेल, गाण्याचा क्लास असेल, शनिवारचं नाटक असेल. पण हे गणित एकदा स्वतः मांडून पाहा. छंद परवडतो की नाही याचं उत्तर कधीकधी ‘नाही’ असंही येईल. माझ्या लेन्सचं आलंच होतं.

स्टीलचा डबा आणि स्लीपर क्लास

दीड हजार मी नोटांत काढायचो आणि स्टीलच्या डब्यात ठेवायचो. ही आईची ट्रिक. तिचे पैसे तुरीच्या डाळीत असायचे. ॲपमधला पैसा दिसत नाही, डब्यातला दिसतो, आणि संपला की डब्याचा तळ दिसतो. एखाद्या महिन्यात काहीच खर्च झाला नाही तर उरलेले पुढच्या महिन्यात.

विमान गेलं, महाराष्ट्र एक्स्प्रेसचा स्लीपर आला. वर्ध्याला उतरायचं, सेलूमार्गे एसटीने हिंगणी. रिसॉर्टच्या जागी आईच्या हातची झुणका-भाकर. दर वीकएण्डऐवजी अडीच-तीन महिन्यांतून एकदा. आणि गंमत म्हणजे फोटो सुधारले! छोट्या लेन्सने लांबचं काही दिसत नाही, त्यामुळे तासन्‌तास एका जागी बसावं लागतं. आमच्याच धुऱ्यावरच्या बाभळीवर वेड्या राघूंची रांग बसते, हे मला तीस हजारांची लेन्स विकल्यावर कळलं. पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा तर वावर हेच माझं अभयारण्य होतं.

अशाच एका पावसाळी मुक्कामात कपाटात काहीतरी शोधताना बाबांची जुनी वही सापडली. 2006 सालची. पानापानांवर त्यांच्या तिरक्या अक्षरात आकडे. सोसायटी इतके. कृषी केंद्र, उधार, इतके. फवारणीचं औषध. डवरणीची मजुरी. व्याज. पुन्हा व्याज. आणि श्रावण संपतानाच्या पानावर, खत आणि दवाखाना यांच्या मधल्या ओळीत : ‘तान्हा पोळा, लाकडी बैल, 40 रु.’

तो बैल मला आठवतो. आमच्याच तालुक्यातल्या सिंदीचा तान्हा पोळा प्रसिद्ध, पण आमच्या गावातही पोरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवायची. त्या वर्षी माझ्या बैलाला लाल रंगाची शिंगं होती.

‘‘बाबा, त्या वर्षी इतकं कर्ज होतं आणि तुम्ही बैल आणला?’’

त्यांनी वही हातात घेतली, चष्मा नसल्याने लांब धरली. ‘‘चाळीसच तं रुपये होते. आन् लिहून ठेवले होते ना.’’

मग थोड्या वेळाने, बाहेर बघत, ‘‘जोडीले झूल नाही घेतली त्या साली. जुनीच धुतली.’’

ऑक्टोबर 2025 मध्ये, दिवाळीच्या आठवड्यात, कार्डाचे शेवटचे 3,243 रुपये भरले. पर्सनल लोनचे तेरा हप्ते तेव्हाही बाकी होते, त्यामुळे फटाके वगैरे काही वाजवले नाहीत. घरी आल्यावर बाबांना मोबाइलवर शून्याचा आकडा दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि ‘‘कागद दे म्हणा बँकेले,’’ एवढंच बोलले. बरोबरच होतं. खातं बंद झाल्याचं पत्र मी मागितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मागितलं.

डब्यात तेव्हा चार हजार साठले होते. सहा जणांत एक जिप्सी वाटून घेतली तर दोन सीट आरामात निघत होत्या. म्हटलं, बाबा, उद्या सकाळी चला बोरला, सफारीला. जन्म गेला इथे, पण गेटच्या आत तुम्ही कधी गेलाच नाही.

‘‘पैसे कायले देतं बे वाघ पाह्याले?’’ बाबा म्हणाले. ‘‘तिकडची रानडुकरं तं रोज फुकटात येते आपल्या वावरात.’’

पण सकाळी पाच वाजता मी उठलो, तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. खिशात जुनी वही होती.

‘‘किती पडले सांग,’’ म्हणाले, ‘‘लिहून ठेवतो.’’