पोटरी दुखेपर्यंत चाला!

आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत, असे म्हणतात. त्यामुळे माझ्या दवाखान्याच्या बाकावर एखादे तरी निवृत्त सुभेदार नाहीतर हवालदार बसलेले असतातच. दोन वर्षांपूर्वी पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीहून असेच एक सुभेदार आले. वय ६८, आवाज खणखणीत. तक्रार एकच. "डॉक्टरसाहेब, पाच खांब चाललो की उजव्या पोटरीत गोळा येतो. उभा राहिलो की दोन मिनिटांत जातो. पुढं पुन्हा पाच खांब." घरापासून एस.टी.च्या थांब्यापर्यंतचे विजेचे खांब त्यांनी मोजून ठेवले होते. बारा. कोणी त्यांना मणक्याचा दोष सांगून कमरेला पट्टा दिला होता, तर कोणी "आता वय झाले, घरी बसा" म्हणून सांगितले होते.

खरे तर निदान त्यांच्या बोलण्यातच होते. मणक्याचे दुखणे बहुधा बसल्याशिवाय किंवा कमरेत वाकल्याशिवाय थांबत नाही. रक्तपुरवठ्याचे दुखणे नुसते उभे राहिले तरी थांबते. पायाकडे जाणाऱ्या धमन्या आतून चरबीचे थर साचून अरुंद होतात. बसून असताना पोहोचणारे रक्त पुरते, चालताना पुरत नाही, आणि उपाशी स्नायू ओरडू लागतो. जर्मन लोक याला दुकानाच्या काचा पाहण्याचा आजार म्हणतात, कारण रोगी दर थोड्या अंतरावर थांबून काही तरी पाहत असल्याचे सोंग करतो! आपल्याकडे हे काम चपलेचा अंगठा नीट करून भागवतात.

घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या किती पट आहे, हे पाहून हा आजार ओळखता येतो. हा आकडा ०.९० किंवा त्याहून कमी आला तर धमनी अरुंद आहे असे समजावे. सुभेदारांचा ०.६२ आला. हृदयाची तपासणी केली, रक्त पातळ ठेवणारी आणि चरबी कमी करणारी गोळी सुरू केली, आणि बिडी सोडायला सांगितली. राहिला मुख्य उपचार, तो म्हणजे चालण्याचा व्यायाम. १९६६ साली कोपनहेगनच्या डॉक्टरांनी रोजच्या व्यायामाने अशा रोग्यांचे अंतर वाढते हे प्रयोगाने दाखवले होते. पुढे देखरेखीखाली आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, अशी पद्धत रूढ झाली. पण वाडीवरून साताऱ्याला आठवड्यातून तीन वेळा कोण येणार? म्हणून ठरवले, पहिले चार आठवडे एकदा समक्ष यायचे, नंतर दर रविवारी सकाळी सुनेच्या मोबाइलवरून रिपोर्ट द्यायचा.

इथे माझ्याकडून चूक झाली. दयेपोटी मी म्हणालो, "दुखू लागले की लगेच थांबा." माणूस फौजी. हुकूम तंतोतंत पाळला. तीन महिने एक दिवस चुकला नाही, आणि तीन महिन्यांनी आकडा तोच, पाच खांब. मला वाटले, फोनवरच्या व्यायामात काही अर्थ नाही.

मग अमेरिकेतले दोन अभ्यास वाचनात आले. शिकागोच्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांनी हे काम केले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०० रोगी होते. मनगटी यंत्र दिले, फोनवरून सल्ला दिला, पण नऊ महिन्यांनी सहा मिनिटांत चालले जाणारे अंतर इतरांपेक्षा वाढले नाही. २०२१ च्या अभ्यासात ३०५ रोगी होते. त्यातही व्यायाम घरीच होता. फरक एवढाच की, काहींना न दुखेल असे सावकाश चालवले आणि काहींना पोटरी चांगली दुखेपर्यंत. वर्षभराने दुसऱ्या गटाचे अंतर सुमारे ३३ मीटरने वाढले. सावकाश चालणाऱ्यांचे वाढलेच नाही. म्हणजे दोष फोनचा नव्हता, फोनवरून दिलेल्या हुकमाचा होता.

पुढच्या रविवारी मी सुभेदारांची माफी मागितली आणि हुकूम बदलला. अशा वेगाने चाला की तीन ते पाच मिनिटांत बऱ्यापैकी दुखावे. तेवढे सोसा, मग उभे राहा. दुखणे पूर्ण जाऊ द्या, पुन्हा निघा. थांबणे धरून सुरुवातीला पंधरा मिनिटे, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत पन्नासपर्यंत. आठवड्यातून पाच दिवस. "म्हणजे दुखलं तरी पाय बिघडत नाही?" त्यांनी विचारले. नाही बिघडत. धमनीतला थर या व्यायामाने विरघळतही नाही, पण मिळेल तेवढ्या रक्तात काम भागवायला स्नायू शिकतो. दोन महिन्यांनी सात खांब झाले. सहाव्या महिन्यात, "रिपोर्ट देतो साहेब, थांब्यापर्यंत गेलो. वाटेत एकदाच उभा राहिलो." बिडीचे विचारले की मात्र अजून मोबाइलची रेंज जाते.

आपल्याकडचे अनेक माजी सैनिक २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेत आहेत. घोट्याच्या रक्तदाबाची तपासणी तिथे जरूर विचारावी.

पण हा व्यायाम सर्वांचा नव्हे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणाचाच नव्हे. मधुमेहाने तळपाय बधिर झाला असेल तर दुखण्यावर विसंबता येत नाही. अशांनी रोज रात्री आरशात तळवे पाहावेत, अनवाणी चालू नये, गार पडलेले पाय चुलीशी किंवा कढत पाण्यात शेकू नयेत. चालताना छातीत दुखले तर तिथेच थांबावे. आणि रात्री झोपेत पाऊल ठणकत असेल, खाटेखाली पाय लोंबता सोडल्यावरच बरे वाटत असेल, जखम भरत नसेल किंवा बोट काळे पडू लागले असेल, तर खांब मोजत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.