एक काकडी खायची नाही

बियाणे विधेयक २०२५चा मसुदा जाहीर झाल्यापासून घरच्या बियाण्याचं काय होणार, यावर बरीच गरमागरमी झाली. कलमांचा कीस पाडणारे पाडोत. स्वतःचं बियाणं राखायची, पेरायची, देवघेव करायची मुभा शेतकऱ्याला २००१च्या वाण संरक्षण कायद्यानं दिली आहे; ब्रँडच्या नावानं ते विकायचं नाही, एवढीच अट. माझी शंका वेगळी आहे. ही मुभा वापरतं कोण?

काकडीच्या बाबतीत तर ती वापरणं खास अवघड. ज्वारीचा दाणा खायचा तोच पेरायचा. काकडी मात्र आपण कोवळी खातो, बी भरायच्या आत. बियाणं हवं तर वेलावरची चांगली काकडी खायची नाही, असं ठरवावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री मिळाली, ती गावरान वाणं राखण्याच्या अशाच चिकाटीसाठी.

शहरी बागप्रेमींचा उत्साह दुसरीकडेच. ‘हेअरलूम’ म्हणून ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातली ‘आर्मेनियन काकडी’ वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं खरबुजाच्या जातीची. तिकडे अमेरिकी बियाणे कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मात्र आपला ‘पूना खिरा’ मानानं मिरवतो: कोवळेपणी फिकट, जून झाला की तपकिरी. जगभरच्या काकडीचं मूळ हिमालयाच्या पायथ्याशी, आणि आपण बी मागवतो पाकिटातून!

लावणं सोपं आहे. पावसाच्या तोंडावर शेणखत घातलेल्या आळ्यात दोन-तीन बिया बोटाच्या पेराएवढ्या खोल टोचा. मुळं दुखावलेली या रोपाला खपत नाहीत, म्हणून थेट जागेवरच लावा. वेल मांडवावर चढवा, म्हणजे हवा खेळते आणि केवडा-भुरीचा त्रास कमी होतो. पाण्याची ओढ बसू देऊ नका. ताण पडला की कडवटपणा वाढतो. देठाकडचं टोक कापून घासल्यानं तो उतरतो, यावर माझा विश्वास नाही. कडू भाग कापला जातो, इतकंच.

खरी कसोटी परागीभवनाची. शेजारी दुधी, दोडका, चिबूड असला तरी बिघडत नाही, त्यांच्याशी काकडीचा संकर होत नाही. मधमाशी पलीकडच्या संकरित काकडीचे पराग घेऊन आली, की वाण बिघडलं. त्यामुळे उद्या उमलणारी नर आणि मादी फुलं आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधा. मादी फुलामागे इवलीशी काकडी असते, ती ओळखायची खूण. सकाळी नर फुलाचे पराग मादीला लावा, तिला पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा अडकवा, म्हणजे घरातलं कुणी ती काकडी कोशिंबिरीसाठी तोडणार नाही.

ती पिवळी-तपकिरी होऊन जून झाली की तोडा आणि आठ-पंधरा दिवस तशीच ठेवा. मग बियांसकट गर थोड्या पाण्यात एक-दोन दिवस आंबवा. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं, पोचट बिया तरंगतात. तळाच्या धुऊन सावलीत खडखडीत वाळवा. नीट ठेवल्या तर काही वर्षं उगवतात. शक्यतो दोन-चार वेलांचं बी एकत्र करा.

एका काकडीतून आळीभर शेजाऱ्यांना पुरेल इतकं बी निघतं. ते वाटा. विधेयकावर सह्यांची मोहीम जरूर चालवा. पण सही करणाऱ्याच्या घरात राखलेलं बी नसेल, तर तो नेमकं काय वाचवायला निघाला आहे, हे विचारायला हरकत नाही.