दांतांच्या तारा आणि इनॅमलची जपणूक

नागपुरांतील मनीषनगरासारख्या सुशिक्षित वस्तींत दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींच्या दांतांवर तार दिसणें हें आतां नवल राहिलेलें नाहीं. वांकडे दांत सरळ व्हावेत, ही आईबापांची इच्छा योग्यच होय. परंतु तार उतरतांच त्या सरळ दांतांवर खडूसारखे पांढरे डाग दिसले, तर झालेल्या खर्चाचें व सोसलेल्या त्रासाचें चीज काय झालें?

ह्या डागांचें मूळ तार नव्हे, तिच्याभोंवतीं सांचणारा मळ होय. दांतावरचें कवच, म्हणजे इनॅमल, हें मानवी शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य. वजनानें त्याचा सुमारें ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण तें एकदां गेलें कीं पुन्हा उगवत नाहीं. मळांतील जंतु साखरेपासून आम्ल करतात व त्यांत तीं खनिजें विरघळतात. हयगय झाल्यास महिन्याभरांतच डाग दिसूं लागतात.

तारेच्या प्रकाराप्रमाणें धोकाही बदलतो. धातूच्या चकत्या बळकट व स्वस्त. पण त्यांच्या कडांना मळ धरतो. सिरॅमिकच्या चकत्या दांतांच्या रंगांत मिसळून जातात. मात्र त्या इनॅमलहून कठीण असल्यानें समोरचा दांत त्यांवर घांसून झिजूं शकतो, आणि काढतांना क्वचित् इनॅमलचा टवका उडतो. पारदर्शक अलाइनर जेवतांना काढतां येतात, म्हणून दांत स्वच्छ ठेवणें सोपें जातें. परंतु ते तोंडांत असतांना साखरेचा चहा घेतला, तर तो गोडवा आंत कोंडून राहतो.

चंद्रपूर-यवतमाळकडील कांहीं गांवांच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. तेथें वाढलेल्या मुलांच्या दांतांवर आधींपासूनच डाग असूं शकतात. अशा मुलांच्या दांतांचीं छायाचित्रें तार बसविण्यापूर्वींच काढून ठेवावींत, म्हणजे जुने डाग कोणते व नवे कोणते हें कळतें.

उपाय साधे आहेत. फ्लोराइडयुक्त पेस्टनें दोन वेळां, विशेषतः निजण्यापूर्वीं, प्रत्येक चकतीच्या वरून व खालून दांत घांसावेत. गोड पदार्थ द्यावयाचा तो जेवणासोबत द्यावा, मधल्या वेळीं नव्हे. संत्रें खाल्ल्यावर लगेच ब्रश न फिरवितां पाण्यानें चूळ भरावी व अर्ध्या तासानें दांत घांसावेत.

एकत्र कुटुंबांत आईनें नाहीं म्हटलें, तरी आजी, काकू नि आत्या यांचे हात लाडू देण्यास पुढें होतातच. तार मुलाच्या तोंडांत असली, तरी तिचें पथ्य साऱ्या घरानें पाळावयाचें असतें, एवढेंच आमच्या वाचकांस आमचें सांगणें आहे.