दोन द्राक्षांची जुगलबंदी

पांढरी वाइन म्हटली, की ती बर्फासारखी गार करावी आणि सरबतासारखी पिऊन टाकावी, असा आपल्याकडे एक समज आहे. ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट रिव्हर प्रदेशातील सेमियाँ-सॉव्हिन्यॉ ब्लाँ या मिश्र वाइनला हाच न्याय लावला, तर पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

पर्थच्या दक्षिणेस, हिंदी महासागराच्या काठी हा प्रदेश वसला आहे. येथील हवामान फ्रान्समधील बोर्दोशी जुळते, असे कृषिशास्त्रज्ञ जॉन ग्लॅडस्टोन्स यांनी १९६५मध्ये दाखवून दिले. दोनच वर्षांनी पर्थचे हृदयरोगतज्ज्ञ टॉम कलिटी यांनी 'व्हॅस फेलिक्स' हा द्राक्षमळा लावला. मिश्रणातील दोन्ही द्राक्षे मूळची फ्रान्सचीच. सॉव्हिन्यॉ ब्लाँचा स्वभाव बोलका. पॅशनफ्रूट, नुकतेच कापलेले गवत आणि किंचित ढोबळी मिरची असा तिचा गंध असतो. मिरचीचा भास काल्पनिक नव्हे. पायराझिन वर्गातील तोच गंधद्रव्याचा अंश दोहोंत सापडतो. सेमियाँ मात्र अबोल. लिंबाच्या सालीचा मंद वास, पण वाइनला अंग येते ते तिच्यामुळे.

चषक एकतृतीयांशच भरावा. आधी न हलवता हुंगावे, मग गोल फिरवून पुन्हा. दुसऱ्या खेपेस काय वाढले, हे टिपण्यातच खरी गंमत आहे. छोटा घोट तोंडात क्षणभर घोळवला, की जिभेच्या कडांना पाणी सुटते. हाच तो तरतरीत आंबटपणा. घोट गिळल्यावर फळांची चव रेंगाळली, तर मिश्रण साधले. नुसता आंबटपणा उरला, तर फसले.

तापमान आठ ते दहा अंश असावे. फ्रीजमधून बाटली पंधरा मिनिटे आधी काढावी. अतिगार वाइनचा गंध मिटतो. 'जुनी तितकी चांगली' हा नियमही येथे सहसा चालत नाही. बाटलीवरील वर्ष पाहावे आणि दोन-तीन वर्षांत ती संपवावी. बुचाऐवजी फिरकीचे झाकण दिसले म्हणून नाक मुरडू नये, ताजेपणा त्यानेच टिकतो.

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी लागू झाला, तेव्हा पाच डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले. तरीही ही वाइन स्वस्त म्हणता येणार नाही. म्हणूनच सोबत काय खायचे, याचा विचार हवा. बेताच्या मसाल्यात तळलेली सुरमई उत्तम. ठेच्याच्या ताटाशी मात्र हिची गाठ घालू नये. तिखटापुढे सेमियाँचा आवाज ऐकूच येत नाही.