इंजिनातील व्हॅक्यूम गळती : शोध व दुरुस्ती

मझदा एमएक्स-५ (दुसरी पिढी) या स्पोर्ट्‌स कारमध्ये एअरफ्लो सेन्सर हवा मोजतो आणि त्यानुसार ईसीयू इंधन ठरवते. सेन्सरच्या पुढील होज किंवा गॅस्केट फाटले, की न मोजलेली हवा आत शिरते. मिश्रण लीन होते, आयडलिंग डळमळते.

आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असल्याने एकूण हवेत गळतीचा वाटा मोठा असतो. थ्रॉटल उघडल्यावर तो घटतो. म्हणून स्कॅनरवर फ्युएल ट्रिम आयडलिंगला बराच धन आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ दिसला, तर गळतीचा संशय घ्यावा.

नेमकी जागा इंजिन बंद ठेवून, कमी दाबाने धूर सोडून शोधावी. गरम इंजिनावर ज्वलनशील क्लीनर फवारू नये. आग लागू शकते. सदोष भाग बदलून ट्रिम पुन्हा तपासावा. आयडल स्क्रू फिरवल्याने लक्षण लपते, दोष राहतो.