लेखांक ५ : ड्युटी संपल्यावरची सिस्टर

मागच्या लेखांकात ड्युटीवरच्या जबाबदारीचा विचार झाला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बालके दगावली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. ड्युटीवर हे, तर ड्युटी नसताना कशाला हात घालायचा, असे एखाद्या सिस्टरला वाटले तर नवल नाही. पण दोन्ही गोष्टींचा कायदा वेगळा आहे. कक्षातली जबाबदारी नोकरीतून येते. घरी निघालेल्या परिचारिकेने वाटेत थांबलेच पाहिजे, अशी सक्ती कायदा करत नाही. ती थांबलीच, तर तिला संरक्षण किती हे मात्र जखमी माणूस कुठे पडला आहे यावर ठरते. तऱ्हेवाईक वाटले तरी आजची कायदेशीर स्थिती अशीच आहे.

भंडारा, लाखनी, साकोली ओलांडत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला असेल, तर तिने निर्धास्त थांबावे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४अ सांगते, की सद्हेतूने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर, मदतीत हयगय झाली तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. यातून परिचारिकांना वगळलेले नाही. तिने नाव-पत्ता द्यावा अशी सक्तीही पोलिसांना करता येत नाही. फुकट केलेली मदत ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले.

हे कवच वाहन अपघातापुरतेच आहे. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन ८ कामगार गेले. तो वाहन अपघात नव्हता. रोवणीच्या बांधीत वीज पडली, वैनगंगेत कोणी बुडाले, लग्नमंडपात कोणाचे हृदय थांबले, तर १३४अ तिथे पोहोचत नाही. तिथे आधार उरतो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा. बेशुद्ध माणसाची संमती घेणे शक्य नसताना त्याच्या भल्यासाठी सद्भावाने केलेली कृती त्याखाली गुन्हा ठरत नाही. अडचण अशी, की योग्य काळजी घेतली नसेल तर कायदा तिला सद्भाव मानतच नाही. म्हणजे निष्काळजीपणाचा आरोप झाला की या आधारालाच सुरुंग लागतो. त्यात कलम १०६(१) ची भर. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडले तर दोन वर्षांपर्यंत. नर्सिंग कौन्सिलमधली नोंदणी इथे चालत नाही. एकाच रुग्णावर दोघांनी उपचार केले, तरी कमाल शिक्षेतला हा फरक राहतोच, आणि तो मला समर्थनीय वाटत नाही.

म्हणून रस्त्याबाहेरच्या मदतीलाही १३४अ सारखे कवच हवे. प्रशिक्षित माणसाला अशी सूट दिली तर बेफिकिरी वाढेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण १३४अ मध्येही सद्हेतूची अट आहेच. शिवाय जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की प्रसंग जितका तातडीचा तितकी निर्णय चुकण्याची शक्यता अधिक, आणि फौजदारी दोषासाठी हयगय गंभीरच असावी लागते. असे खटले उभे राहतात तरी किती, असेही कोणी विचारेल. प्रश्न खटल्यांच्या संख्येचा नाही. हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. तेवढा वेळ विचारात गेला, तर खटला न होताही माणूस गेलेला असतो.

असे कवच मिळेपर्यंत परिचारिकांनी शिकलेल्या प्रथमोपचारातच राहावे. छातीवर दाब द्यावा, रक्तस्राव थांबवावा, मान हलू देऊ नये, १०८ ला फोन लावावा. इंजेक्शन, सलाईन स्वतःच्या जबाबदारीवर देऊ नये. बचाव तिथेच दुबळा होतो. मदतकर्त्यांसाठी कर्नाटकाने २०१६ मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रालाही तो करता येईल, आणि त्यात रस्त्याबाहेरच्या आपत्तीही घेता येतील. तुमसर, भंडारा आणि साकोलीच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तेवढी मागणी मांडावी.